उलटा लागलेला फर्मा

मोठं टेबल रिकामं केलं की घरात काहीतरी ठरायचं असतं. वहिनीनं त्या दुपारी ते दोनदा पुसलं, वाळलेल्या खळीचे ठिपके नखानं खरवडून काढले, आणि पुन्हा फडकं हातात घेतलं तेव्हा आत्या म्हणाली, "वहिनी, लाकूड झिजेल."

"झिजू दे. तू गेल्यावर कोण बसणार आहे इथे?"

बोलून गेल्यावर वहिनीला वाटलं, असं म्हणायचं नव्हतं. पण सुटलेला शब्द आणि कापलेला कागद, दोन्हींना सांधा नसतो. आत्या शिलाईच्या चौकटीवर कापडी पट्ट्या ताणून बांधत होती.

सुट्टीचा दिवस होता. पुढच्या भागातल्या कापायच्या यंत्रावर चादर टाकलेली, रस्त्याकडचं दार अर्धं लोटलेलं. बाइंडिंगचा कारखाना पुढे, घर मागे, आणि मध्ये एक पडदा. पाच वाजता वाचनालयाचे ग्रंथपाल येणार होते. चौकापलीकडच्या त्या वाचनालयाची फाटलेली पुस्तकं वर्षानुवर्षं इथेच शिवली जात, आणि वर्षानुवर्षं दर शनिवारी ग्रंथपाल ती न्यायला येऊन आत्याशी भांडत. पाठ फार ताठ झाली, समास फार कापला, दोरा जाड लागला. गेल्या शनिवारी त्यांनी आत्याला मागणी घातली होती.

"परत सांग गं, कसं विचारलं ते," खिडकीजवळच्या खुर्चीतून अण्णा म्हणाले. ऐंशी ओलांडलेल्या अण्णांना सगळं घर अण्णाच म्हणायचं, मुलं, सून, नातसुद्धा.

"अण्णा, पाठ झालंय तुम्हाला," नात म्हणाली. दादा-वहिनीची ही मुलगी औषधाच्या दुकानात काम करायची, उरलेल्या वेळात कादंबऱ्या वाचायची आणि एका जागी कधी बसायची नाही, म्हणून तिला भिंगरी म्हणत.

"म्हणून तर. पाठ झालेलंच ऐकायला गोड लागतं."

भिंगरीनं नाकावर नसलेला चष्मा खाली सरकवला. "'बाइंडरबाई, वाचनालय नदीपलीकडे जातंय. वर दोन खोल्या मिळताहेत. तिकडेही एक बाइंडर आहे. काम बरं करतो. पण त्याच्याशी भांडावंसं वाटत नाही.'"

"मग?"

"मग आत्या म्हणाली, 'त्याला मी काय करू?' तर म्हणाले, 'तिकडे या. लग्न करून या, असं म्हणतोय. नुसतं या असं नाही म्हणत.' आणि पावती न घेताच गेले."

"पावती विसरला!" अण्णा खुशीत मान हलवत म्हणाले. "म्हणजे मनापासून विचारलंय."

"अण्णा, तुम्ही हसू नका," दादा म्हणाला. "आधी सगळे बसा. आणि हातात काम घ्या."

हा अण्णांनीच घातलेला नियम. या टेबलाशी बसून घरचं काही बोलायचं असेल तर हात रिकामा ठेवायचा नाही. कोणी कागदाची घडी घालावी, कोणी दोरा मेणावरून ओढावा. रिकामा हात टेबलावर आपटतो, असं अण्णा म्हणत. वाटणीच्या वेळी थोरल्या काकांनी हा नियम मोडला होता आणि टेबलाच्या कोपऱ्यावरची चीर अजून तिथेच होती.

वहिनीनं पुस्तकाला पुढे-मागे लागणारे कोरे कागद घेतले आणि घड्या घालायला बसली. भिंगरीनं दोरा आणि मेणाचा गोळा घेतला. दादानं एका पुठ्ठ्यावरचा जुना सरस पात्यानं खरवडायला घेतला. अण्णांचे हात थरथरत, म्हणून त्यांच्याकडे रीळ गुंडाळायचं काम होतं. आत्यापुढे वाचनालयाची एक सुटी झालेली कादंबरी होती. तिचे सोळा-सोळा पानांचे घडी घातलेले गठ्ठे, ज्यांना कारखान्यात फर्मे म्हणत, तिनं एकावर एक रचले होते. खालचा फर्मा घ्यायचा, चौकटीवर ठेवायचा, घडीतून सुई आतबाहेर काढायची, मग त्यावर पुढचा. तिचे हात हे काम झोपेतही करू शकले असते.

"मी सरळ सांगतो," दादा म्हणाला. "मला हा माणूस पसंत नाही. अण्णांचा अपमान केलाय त्यानं. या दारात उभा राहून."

"काय म्हणाला होता, तेही सांग," अण्णा म्हणाले.

"मी ते तोंडातून काढणार नाही."

"मग मी काढतो. पुस्तकांचा गठ्ठा टेबलावर ठेवला आणि म्हणाला, 'अण्णा, आता तुमचे हात पुरे.'"

दादा खाली बघून खरवडत होता. त्याला तो दिवस अजून जसाच्या तसा दिसायचा. अण्णांनी सुई मेणाच्या गोळ्यात खोचली होती आणि नंतर कधीच बाहेर काढली नव्हती. दादा तेव्हा यंत्राशी उभा होता. आपण पुढे होऊन त्या माणसाची गचांडी धरायला हवी होती, हे त्याच्या मनात तेव्हापासून बसलं होतं. न केलेल्या भांडणाचं ओझं केलेल्या भांडणापेक्षा जड असतं.

"त्याआधी वर्षभर मी सैल शिवत होतो," अण्णा म्हणाले. "मी जेवायला उठलो की छकू माझी पुस्तकं उसवून पुन्हा शिवायची. आणि तू पडद्यापाशी उभा राहून बघायचास, म्हातारा येतोय का."

आत्याची सुई थांबली. घरात फक्त अण्णा आणि दादा तिला अजून छकू म्हणत. "तुम्हाला माहीत होतं?"

"माझी गाठ मला ओळखू येणार नाही होय? तुम्ही दोघं मायेनं खोटं वागत होतात. मला बरं वाटायचं आणि लाजही वाटायची. जेवण जायचं नाही. त्यानं तोंडावर सांगितलं, त्या दिवशी पोटभर जेवलो. विचार सूनबाईला."

"दोन वेळा वाढून घेतलं होतं," वहिनी म्हणाली. "मला वाटलं, रागानं खाताहेत."

पुठ्ठ्यावरचा सरस कधीच निघून गेला होता, तरी दादा खरवडत राहिला. इतकी वर्षं जपलेला राग असा कोणी हातातून काढून घेतला की माणूस दुसरं काहीतरी पकडायला बघतो.

"बरं, ते सोडा," तो म्हणाला. "ही गेली तर शिलाई कोण करणार? हातानं शिवणारं आता मिळतं का कुठे? मी यंत्र बघू, गिऱ्हाईक बघू, की सुई धरू?"

"हां," वहिनी म्हणाली. "आता खरं कारण आलं."

"तू तर सकाळी माझ्याच बाजूनं होतीस!"

"सकाळी होते. आता घडी घालतेय."

भिंगरी हसली आणि आईनं तिच्याकडे डोळे वटारले. "तू हसू नकोस. हे सगळं तुझ्या त्या पुस्तकांमुळे डोक्यात शिरलंय सगळ्यांच्या. दोनशे वर्षांपूर्वीचे कुठले ते सरदार, कुठल्या त्या घोडागाड्या."

"रीजन्सी म्हणतात त्या काळाला, आई. इंग्लंडात राजाचं डोकं ठिकाणावर नव्हतं, म्हणून युवराज कारभार बघायचा."

"राजाचं डोकं फिरलेलं, आणि लोक नाचत होते?"

"लोक कधी थांबलेत नाचायचे?"

"आणि त्या सगळ्या पुस्तकांत सारखंच. आधी कुत्र्या-मांजराचं वैर, मग गळ्यात गळा. मी दोन वाचली. पहिल्या पानावर कळतं शेवटी काय होणार ते."

"कळतं म्हणून तर वाचतात," भिंगरी म्हणाली. हातातला दोरा तिनं मेणावर तसाच सोडला. "शेवट माहीत असला की धीरानं भांडण ऐकता येतं. आता आत्याच्या हातात आहे तीच घे. त्यात एक उमराव आहे. शेजारची जमीन विकत घेतो आणि रस्त्यावरचं फाटक बंद करतो. ती आरमारी अधिकाऱ्याची मुलगी. तिच्या घोडागाडीचा रस्ता तोच. ती रोज येऊन फाटक उघडते, तो रोज बंद करायला लावतो. अर्धं पुस्तक हेच."

"कामधंदे नव्हते दोघांना."

"ऐक ना. मग एक दिवस फाटकापाशीच मोठं भांडण होतं. ती म्हणते, तुम्हाला माझ्याबद्दल काय माहीत आहे? तर तो चिडून म्हणतो, तुमच्या हातमोज्यांची जोडी कधी जुळत नाही. उजवा राखाडी, डावा पांढरा, कारण लगाम डाव्या हातात धरता आणि तो आधी फाटतो. उतरताना घोड्याला काहीतरी सांगता. माझ्या माणसांना नावानं हाक मारता, मला मात्र अहो फाटकवाले म्हणता. आणि बोलता बोलता तो गप्प होतो. कारण त्यालाच कळतं, आपण हे सगळं बघत होतो. आणि ती गप्प होते. कारण तिच्या घरात, तिच्यावर जीव टाकणाऱ्या माणसांत, एकालाही तिचे हातमोजे दिसले नव्हते."

वहिनी घडी घालायची थांबली होती.

"सगळी भांडणं तसली नसतात," ती म्हणाली. "घालून पाडून बोलणारे नवरे मी पाहिलेत. ते काही हातमोजे बघत नाहीत."

"तसला असला तर मी पुस्तक मिटते, आई. तिला कमी लेखून भांडणारा नको. बरोबरीची समजून भांडणारा हवा. तो हरतोसुद्धा तिच्याशी. त्यातच तर मजा आहे."

दादाचं लक्ष या बोलण्यात अर्धंच होतं. तो बहिणीच्या हातांकडे बघत होता. लहानपणी ती अशीच टेबलाच्या त्या टोकाला बसायची, पाय जमिनीला टेकायचे नाहीत. आत्यानं पुढचा फर्मा उचलला. सगळ्या फर्म्यांत हा जास्त मळका होता. वाचणाऱ्यांची ओली बोटं लागून लागून पानांचा खालचा बाहेरचा कोपरा काळा पडला होता. फाटकापाशचं भांडण याच फर्म्यात असणार. आत्यानं तो हातात फिरवला, क्षणभर धरून ठेवला, आणि चौकटीवर ठेवून सुई घातली.

काळा कोपरा वर आला होता.

दादानं नीट पाहिलं. अक्षरं उलटी होती. फर्मा डोक्यावर उभा होता. नवशिक्या पोरांकडून होतं तसं. छकूकडून? आठवत नव्हतं असं कधी झाल्याचं. तो बोलायला तोंड उघडणार, तोच तिनं पुढचा फर्मा त्यावर ठेवला आणि ते पान झाकलं गेलं. बाहेरच्या कडेला मात्र, सगळे काळे डाग खाली आणि एकच वर, असं राहिलं.

दादानं तोंड मिटलं. आतापर्यंत ती नुसती शांत बसली आहे, तिला फारसं काही पडलेलं नाही, असंच त्याला वाटत होतं. आता त्याला कळलं, तिच्या हातांना काय चाललंय ते ठाऊक नाहीये.

"छकू," तो म्हणाला, आणि त्याचा आवाज त्यालाच वेगळा वाटला. "तुझं काय म्हणणं आहे? सगळे बोलले, तू नाही बोललीस."

आत्यानं दोरा ओढून घट्ट केला.

"मला भीती वाटते," ती म्हणाली.

"त्यांची?" वहिनीनं विचारलं.

"छे! त्यांची कसली भीती? ते तावातावानं बोलायला लागले की चष्म्यावर वाफ धरते आणि मग त्यांना मी दिसत नाही." ती हसली, मग हसू विरलं. "वहिनी, पुस्तक पाठीवर उभं धरून सोडलं की ते आपोआप उघडतं. जिथे लोक सारखे थांबतात, तिथे पाठ मऊ पडते. या असल्या कादंबऱ्या मी किती शिवल्या. एकही कधी लग्नाच्या पानावर उघडली नाही. भांडणावरच उघडतात. लग्नाची पानं कोरी करकरीत. लोक तिथपर्यंत जातात, एकदा बघतात, आणि मागे येतात. दर शनिवारी तो माणूस माझं पुस्तक उजेडात धरतो. एकेक टाका बघतो. तुम्ही सगळे म्हणता, छान झालंय. न बघताच म्हणता. राग नाही मला. पण एक माणूस आठवड्यातून एकदा बघतो, म्हणून मी आठवडाभर नीट शिवते. उद्या लग्न झालं, आणि तोही 'छान झालंय' म्हणायला लागला, तर मी कुणासाठी शिवू?"

अण्णा रीळ गुंडाळत राहिले.

वहिनीनं समोरचे कागद सारखे केले. "तीस वर्षांत आमचं एकदाही भांडण झालं नाही," ती कोणाकडेच न बघता म्हणाली. "लोक कौतुक करतात. मीही करते. चांगला माणूस मिळाला. पण नणंदबाई, तुम्ही म्हणताय ते मला कळतं." आत्याला ती एरवी 'तू' म्हणायची. मनातलं काही निघालं की 'तुम्ही' यायचं.

दादानं मान वर करून बायकोकडे पाहिलं. ती घडी घालत होती.

*

पाच वाजायच्या आत भिंगरी दार ओलांडून रस्त्यावर गेली होती. ग्रंथपाल कोपऱ्यावरच उभे होते, बहुधा बऱ्याच वेळापासून. इस्त्रीचा शर्ट, केस पाण्यानं चापून बसवलेले. उजव्या कानावर नेहमीची तांबडी पेन्सिल. चूक दिसली की ते त्या पेन्सिलीनं दाखवायचे, आणि ती पेन्सिल बघूनच आत्याचा पारा चढायचा.

"ती द्या इकडे," भिंगरी म्हणाली.

"का?"

"आज लागणार नाही. काका, नीट ऐका. आज एकही चूक काढायची नाही. आजचा दिवस शेवटच्या प्रकरणासारखा आहे. शेवटच्या प्रकरणात उमराव काय करतो?"

"मी तसली पुस्तकं वाचत नाही."

"खोटं बोलू नका. फाटकाच्या कादंबरीत खूण म्हणून ठेवलेलं बसचं तिकीट तुमचं होतं."

ग्रंथपालांचा चेहरा कानापर्यंत लाल झाला. "नरम होतो," ते म्हणाले.

"मग व्हा नरम. जे समोर येईल ते छान म्हणायचं."

"सगळंच?"

"सगळंच. आत्याला आज गोड शब्द हवेत." भिंगरीनं पेन्सिल आपल्या केसांत खोचली. तिला अगदी मनापासून वाटत होतं की आपण मदत करतोय. आत्या शेवटी काय बोलली होती, ते ती ऐकून न ऐकल्यासारखं करून बाहेर पडली होती. तिच्या कानात तेव्हा शेवटचं प्रकरणच वाजत होतं.

*

आत्यानं त्यांना दारात पाहिलं आणि आधी तिच्या लक्षात आलं की कानावर पेन्सिल नाही.

"या," दादा म्हणाला. उठला नाही, पण खुर्ची पुढे सरकवली. वहिनी चहा आणायला पडद्याआड गेली आणि पडद्याशीच थांबली.

"कसे आहात मालक? अण्णा, तब्येत बरी?" ग्रंथपाल म्हणाले. "कारखाना फार... छान ठेवलाय."

आत्यानं भुवई उंचावली. मागच्याच आठवड्यात ते म्हणाले होते, इथे इतका पसारा आहे की हत्ती हरवेल.

"उकडतंय जरा," वहिनी पडद्यामागून म्हणाली.

"नाही नाही. छान वाटतंय."

चहा आला. फार गोड झाला होता, सगळ्यांच्या तोंडावर दिसत होतं. ग्रंथपालांनी घोट घेतला आणि म्हणाले, "उत्तम."

आत्याला वाटलं, हा कोण माणूस आहे? चष्मा तोच, तीच उंची, बोलताना उजवा खांदा पुढे काढायची तीच लकब. पण आतला माणूस कोणी काढून ठेवावा तसं झालं होतं. तिनं शेवटचा फर्मा शिवून संपवला होता. दोरा कापला, पट्ट्या सोडवल्या, आणि दर शनिवारी द्यायची तसं ते बिनपुठ्ठ्याचं पुस्तक त्यांच्यापुढे धरलं.

"बघा," ती म्हणाली.

त्यांनी ते घेतलं. सवयीनं खिडकीच्या उजेडाकडे वळवलं. अंगठा पानांच्या कडेवरून खाली आला आणि मध्येच अडला. आत्याला ते दिसलं. त्यांचा हात कानाकडे गेला आणि रिकामा परत आला. आता बोलतील, असं तिला वाटलं, आणि तिनं नकळत कंबर सरळ केली, उत्तर तयार ठेवलं.

"छान झालंय," ग्रंथपाल म्हणाले. "अगदी उत्तम."

त्यांनी पुस्तक टेबलावर ठेवलं.

आत्यानं चौकटीतली पट्टी बोटाला गुंडाळली, सोडली. तिचा आवाज फार साधा निघाला. "दादा, माझं ठरलं. मी नाही जाणार. ग्रंथपाल, तुम्ही विचारलंत, त्याचा मान आहे. पण नाही."

ग्रंथपालांमागून आत येऊन कामाला बसलेल्या भिंगरीच्या हातातलं रीळ खाली पडलं आणि दोरा सोडत टेबलाखाली गेलं. ग्रंथपाल उभेच राहिले, दोन्ही हात मोकळे, काय करावं ते न कळून.

दादा बहिणीकडे बघत होता. ती राहणार होती. शिलाईची काळजी मिटली होती. त्यानं फक्त गप्प बसायचं होतं, आणि गप्प बसणं त्याला आयुष्यभर जमलं होतं. अण्णांची पुस्तकं उसवली जात होती तेव्हा तो पडद्यापाशी गप्पच उभा होता. ते प्रेमच होतं. आणि त्या प्रेमानं अण्णांचं जेवण तोडलं होतं.

त्यानं पातं खाली ठेवलं.

"अहो," तो एकदम ओरडला, "डोळे फुटलेत का तुमचे? मधला फर्मा उलटा लागलाय!"

आत्यानं झडप घालून पुस्तक ओढलं. ग्रंथपालांचा बांध फुटला.

"दिसला!" ते गरजले. "दारातूनच दिसला! बाहेरच्या आंधळ्याला दिसेल! डाग सगळे खाली आणि एक वर, कपाळावर टिकली लावल्यासारखा! पण या पोरीनं मला सांगितलं, आज चूक काढायची नाही, सगळं छान म्हणायचं! मी काय करू? चहात साखरेचं पोतं ओतलंय, तोही उत्तम म्हणून प्यालो!"

"भिंगरे!" वहिनी म्हणाली.

"मला वाटलं, शेवटचं प्रकरण..."

"कसलं प्रकरण!" ग्रंथपाल आता आत्याकडे वळले. चष्म्यावर वाफ धरली होती. "बाइंडरबाई, इतकी वर्षं तुमचं काम बघतोय. दोरा जाड लावता, मान्य. हट्टी आहात, मान्य. पण फर्मा उलटा? तुमच्या हातून? बरं नाहीये का तुम्हाला? हात बघू. ताप आहे का?"

आत्या पुस्तक उघडून उलट्या अक्षरांकडे बघत होती. मग तिचे खांदे हलायला लागले. वहिनीला वाटलं, रडतेय. ती हसत होती, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

"ताप कसला," ती म्हणाली. "तुम्ही येणार होतात ना. म्हणून झालं."

ग्रंथपालांनी चष्मा काढला. वाफ पुसायला शर्टाचं टोक घेतलं आणि पुसायचं विसरले.

"आणि दोरा जाड नाही," आत्या म्हणाली. "तुमचे वाचक पानं ओढतात. बारीक दोरा महिनाभर टिकणार नाही."

"वाचक पानं ओढतात, कारण तुम्ही पाठ इतकी ताठ करता की पुस्तक उघडत नाही."

"भांडणावर बरोबर उघडतं."

"ते वेगळं. तिथे पुस्तकालाच घाई असते."

"मग बसा," आत्या म्हणाली. "हा उसवायला बसा. तिकडच्या टोकापासून तुम्ही, इकडून मी. उसवून झाल्याशिवाय जायचं नाही. आणि ऐका. मी रोज सकाळी पूल ओलांडून इकडे कामाला येणार."

दादा खाली वाकला आणि टेबलाखालचं रीळ शोधायला लागला. ते त्याच्या पायाशीच होतं, तरी त्याला बराच वेळ लागला.

"रोज?" ग्रंथपाल खुर्चीवर टेकले. "आणि वाचनालयाचे गठ्ठे?"

"ते तुम्ही वाहून आणायचे."

"मी का म्हणून? बाइंडर घरात असताना?"

"बाइंडर घरात असणार नाही. बाइंडर इथे असणार. घरात मी असणार."

ग्रंथपालांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. तिनं काय म्हटलं ते त्यांना आत्ता कळलं होतं. अण्णांनी खुर्चीतूनच हात पुढे केला, थरथरता, आणि मेणाच्या गोळ्यात इतकी वर्षं खोचलेली आपली सुई ओढून काढली. "घे," ते म्हणाले. "गाठी सोडवायला बरी पडेल. हिच्या गाठी सहज सुटत नाहीत."

"ते मला ठाऊक आहे," ग्रंथपाल म्हणाले. भिंगरीनं मुकाट्यानं त्यांची पेन्सिल केसांतून काढून त्यांच्या कानावर ठेवली.

दोघं पुस्तकावर वाकली. दोरा तुटतोय, हळू, मी हळूच करतोय, तुमचाच टाका घट्ट आहे, घट्ट असावाच लागतो, असं चाललं होतं. बाहेर ऊन उतरायला लागलं होतं. दादा ते ऐकत बसला. मग त्यानं समोर पाहिलं. वहिनी चहाचे कप बाजूला सारून पुन्हा कागदांशी बसली होती. उजव्या हाताच्या करंगळीवर तिनं चिंधी गुंडाळली होती. कागदानं कापलं असणार. त्यामुळे ती करंगळी उचलून धरायची, आणि कागद एका बाजूला सरकायचा. नुसती आजची नव्हती ती चिंधी. कापडाचे रंग बदलले असतील, पण आठवायला गेला तर त्याला ती करंगळी चिंधीशिवाय आठवेना.

"अगं," तो म्हणाला.

"काय?"

"तुझी घडी तिरकी पडतेय."

वहिनीनं हातातला कागद उचलून डोळ्यांसमोर धरला. घडी खरंच तिरकी होती. तिनं तो खाली ठेवला, आणि तिच्या चेहऱ्यावर काय आलं ते दादाला आधी कळलंच नाही.

"तीस वर्षं तिरकीच पडतेय," ती म्हणाली. "आज दिसली होय तुम्हाला?"

आणि ती खुर्ची ओढून त्याच्या शेजारी येऊन बसली, भांडायला.